जप्तीच्या आकड्यांशेजारी मृत्यूंची यादीही ठेवा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हास्तरीय एनकॉर्ड समिती,
छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव;
तसेच समितीतील पोलिस, आरोग्य, अन्न व औषध प्रशासन आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाचे सदस्य यांस

विषय: नशेच्या गोळ्या, सिरप आणि दारूच्या एकत्रित विषबाधेने होणारे मृत्यू

महोदय, महोदया,

एनकॉर्डच्या, म्हणजे अमली पदार्थविरोधी समन्वय समितीच्या, बैठकीत किती किलो गांजा पकडला, किती गोळ्या जप्त झाल्या, किती गुन्हे दाखल झाले हे मांडले जाते. ऑक्टोबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने छत्रपती संभाजीनगर आणि पैठणच्या औद्योगिक वसाहतीत छापे घालून कोकेन, मेफेड्रोन आणि केटामाइनचा मोठा साठा पकडला. पुढे २०२५ मध्ये तुळजापूरचे एमडी (मेफेड्रोन) प्रकरण गाजले. त्यानंतर या बैठकांना वजन आले, हे चांगलेच झाले. पण त्याच जिल्ह्यांत नशेच्या विषबाधेने कोण गेले, कोणत्या वयाचे होते, पोटात काय होते, हे जप्तीच्या आकड्यांशेजारी लिहिलेले आम्हाला दिसलेले नाही. आम्ही मराठवाड्यात व्यसनोपचार, आपत्कालीन सेवा, औषधनिर्माण आणि समुपदेशन यांत काम करणारी माणसे आहोत. यातले बरेच मृत्यू टाळता येतात. ते कसे टाळायचे, हे आम्ही या पत्रात तपशिलाने मांडत आहोत.

आमच्यासमोर जे रुग्ण येतात, त्यांच्या खिशात महागडी पावडर क्वचित असते. असते ती गल्लीत ‘बटन’ म्हणून विकली जाणारी नायट्राझेपाम किंवा अल्प्राझोलामची गोळी, कोडिनयुक्त कफ सिरप, ट्रॅमाडॉलच्या कॅप्सूल, आणि सोबतीला देशी दारू. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात देशातील सुमारे २.२६ कोटी लोक अफूवर्गीय पदार्थ (कोडिन आणि ट्रॅमाडॉल याच वर्गातली) आणि सुमारे १.१८ कोटी लोक झोपेच्या व गुंगीच्या गोळ्या वैद्यकीय गरजेशिवाय घेतात, असे दिसले होते. माणूस सर्वांत जास्त धोक्यात येतो तो हे दोन वर्ग एकत्र झाले की, आणि त्यात दारू पडली की अधिकच.

सिरपचा हिशेब पाहा. नेहमीच्या कोडिन सिरपच्या ५ मिलीत १० मिलिग्रॅम कोडिन आणि ४ मिलिग्रॅम क्लोरफेनिरामाइन असते. म्हणजे १०० मिलीच्या एका बाटलीत २०० मिलिग्रॅम कोडिन. खोकल्यासाठी मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसात १२० मिलिग्रॅमच्या वर कोडिन देत नाहीत. शिवाय त्यातले ८० मिलिग्रॅम क्लोरफेनिरामाइन स्वतःच गुंगी आणते. यकृत कोडिनचा काही भाग मॉर्फिनमध्ये बदलते. हा बदल काही जणांच्या शरीरात जन्मतःच फार वेगाने होतो. म्हणून एकाच बाटलीतून निम्मे निम्मे प्यालेल्या दोन मित्रांपैकी एक गप्पा मारत बसतो आणि दुसऱ्याचा श्वास मंदावतो. ‘मला काही झालं नाही, मग त्याला कसं होईल’ हा मित्राचा अंदाज तिथेच चुकतो.

रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूचा खालचा भाग श्वास घ्यायला लावतो. अफूवर्गीय औषधे हा इशाराच बोथट करतात. झोपेची गोळी आणि दारू त्यावर आणखी गुंगी चढवतात, जीभ मागे पडते, घसा सैल होतो, उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. हृदय बहुधा शेवटपर्यंत चालू असते. माणूस जातो तो श्वास अपुरा पडून. तोंडावाटे घेतलेल्या सिरप-गोळ्यांचा हा परिणाम झटक्यात होत नाही, तो तास-दोन तासांत चढत जातो. या तासांत जवळ बहुतेक वेळा कोणीतरी असते: मित्र, आई, बायको, लॉजचा पोऱ्या, कोठडीवरचा शिपाई, कधी आरोग्य केंद्रातील परिचारिका. तो माणूस काय पाहतो, काय समजतो आणि कशाला घाबरतो, यावर पुढचे सारे अवलंबून असते. आमच्या सगळ्या मागण्या या माणसासाठी आहेत.

घरचे पाहतात ते घोरणे. नेहमी न घोरणारा माणूस खोल, घरघर आवाजात, मध्ये मोठे खंड पडत घोरू लागला तर ती अर्धवट बंद झालेल्या श्वासमार्गाची खूण असते. ‘शांत झोपलाय, सकाळी उतरेल’ म्हणून दिवा मालवला जातो. अशा वेळी खांदे हलवून मोठ्याने नावाने हाक मारावी. जागा झाला नाही तर मुठीच्या उंचवट्यांनी छातीच्या मधल्या हाडावर जोरात घासावे. तरीही डोळे उघडले नाहीत तर छातीकडे पाहत श्वास मोजावा. मिनिटाला दहा-बाराच्या खाली म्हणजे धोका. गोऱ्या माणसाचे ओठ निळे पडतात, सावळ्या माणसाचे राखाडी दिसतात. म्हणून ओठांची आतली बाजू, हिरड्या आणि नखे पाहावीत. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात. मात्र ट्रॅमाडॉलमध्ये त्या तितक्या बारीक होतीलच असे नाही, आणि ऑक्सिजन फार कमी पडला की शेवटी त्या मोठ्याही होतात. बाहुल्या बारीक नाहीत म्हणून थांबू नये.

मग क्रम असा. १०८ ला फोन करावा आणि ‘श्वास नीट चालत नाही’ हे शब्द स्पष्ट सांगावेत. नुसते ‘बेशुद्ध आहे’ म्हणू नये. माणसाला पाठीवर झोपवून कपाळ मागे ढकलावे, हनुवटी वर उचलावी, तोंडात उलटी किंवा तंबाखू असेल तर काढावी. श्वास फार मंद असेल किंवा थांबला असेल तर नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्यावा, दर पाच-सहा सेकंदांना एक, छाती वर उठेल एवढाच. अंग पूर्ण सैल आहे, श्वास नाही आणि नाडी लागत नाही, तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावेत. तीस दाबांनंतर दोन श्वास. श्वास चालू असेल पण शुद्ध नसेल तर कुशीवर वळवावे, वरचा गुडघा वाकवून, म्हणजे उलटी बाहेर पडेल. एकटे सोडू नये. रिकाम्या स्ट्रिप आणि बाटली सोबत द्यावी.

काय करू नये, तेही इतकेच महत्त्वाचे. लिंबूपाणी, ताक, मिठाचे पाणी पाजणे, कांदा हुंगवणे, डोक्यावर बादली ओतणे, तोंडात बोटे घालून उलटी करवणे, गालावर चापट्या मारत बसणे, यातले काहीही श्वास चालू करत नाही. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या घशात गेलेले ताक फुप्फुसात जाते. आणि या सगळ्यात जी वीस मिनिटे जातात, ती परत मिळत नाहीत.

अफूवर्गीय विषबाधेवर उतारा आहे: नॅलॉक्सोन. तो राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. आपल्याकडे तो मुख्यतः ०.४ मिलिग्रॅम प्रति मिली या इंजेक्शनच्या स्वरूपात मिळतो. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, गरज पडल्यास कपड्यावरूनही देता येतो. दोन ते पाच मिनिटांत श्वास सुधारतो. न सुधारल्यास दोन-तीन मिनिटांनी पुन्हा द्यायचा, आणि मधल्या वेळात तोंडाने श्वास देणे चालूच ठेवायचे. ज्याच्या अंगात अफूवर्गीय काही नाही त्याला दिला तरी सहसा अपाय होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच सांगितले की विषबाधेच्या वेळी जवळ असण्याची शक्यता असलेल्या माणसांना, म्हणजे मित्रांना, घरच्यांना आणि कार्यकर्त्यांना, हे औषध आणि ते देण्याचे शिक्षण मिळाले पाहिजे. आपल्याकडे ते मोठ्या रुग्णालयाच्या भूल विभागाच्या कपाटात सापडते. तालुक्याच्या गावी ते शोधायला निघालेल्या माणसाच्या हाती बहुधा काही लागत नाही.

आता प्राथमिक आरोग्य केंद्राबद्दल जरा सविस्तर, कारण आमच्या मते सर्वांत मोठी सुधारणा तिथे कमी खर्चात होऊ शकते. मराठवाड्यातील वैद्यकीय अधिकारी कीटकनाशकाची विषबाधा ओळखण्यात तरबेज झालेला असतो. त्याला दुर्दैवाने तो सराव भरपूर मिळतो. रात्री बेशुद्ध तरुण येतो, बाहुल्या टाचणीएवढ्या, घरचे गोंधळलेले. डॉक्टरच्या मनात पहिल्यांदा फवारणीचे औषधच येते आणि त्यावरचा उतारा, ॲट्रोपिन, सुरू होतो. ऑर्गॅनोफॉस्फेट (कीटकनाशकांचा एक वर्ग) आणि अफूवर्गीय, दोन्हींत बाहुल्या बारीक होतात, गोंधळ इथेच होतो. फरक अंगावर वाचता येतो. कीटकनाशकात रुग्ण ओला असतो: लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, छातीत घरघर, स्नायूंची फडफड, जुलाब, आणि तोंडाला लसणासारखा किंवा रॉकेलसारखा वास. अफूवर्गीयात अंग बहुधा कोरडे, स्नायू सैल, पोट शांत आणि श्वास मंद असतो. फेस मात्र अफूवर्गीयातही येऊ शकतो, कारण फुप्फुसात पाणी साचते. त्यामुळे फेस पाहून निदान पक्के करू नये. ॲट्रोपिनने नाडी वाढली पण श्वास वाढला नाही, तर निदान पुन्हा तपासावे. नॅलॉक्सोन हाताशी असेल तर दहा मिनिटांत उत्तर मिळते.

दुसरी जुनी सवय पोट धुण्याची. विषबाधा म्हटली की नळी घालायची, नातेवाइकांनाही तेच हवे असते. गुंगीत असलेल्या, घशाचा प्रतिक्षेप गेलेल्या रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी न टाकता पोट धुतले तर पाणी आणि सिरप फुप्फुसात जाते. अशा रुग्णाला आधी श्वास लागतो, म्हणजे हनुवटी वर, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी), मिनिटाला दहा-बारा वेळा. हे काम परिचारिका, शिपाईसुद्धा शिकू शकतात.

तिसरी चूक बोटावरच्या यंत्राची. ऑक्सिजन लावल्यावर पल्स ऑक्सिमीटर ९८ दाखवतो आणि सगळे निर्धास्त होतात. श्वास मिनिटाला सहाच असेल तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत राहतो, आकडा मात्र छान दिसतो. श्वास घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजावा आणि दर पंधरा मिनिटांनी केसपेपरवर लिहावा.

चौथी गोष्ट नॅलॉक्सोनच्या मात्रेची आणि वेळेची. ज्याला व्यसन आहे त्याला एकदम मोठी मात्रा दिली तर तो झटक्यात जागा होतो, ओकतो, अंग फणफणते, भांडतो आणि सलाइन उपटून निघून जातो. रुग्णालयात शिरेतून ०.०४ ते ०.१ मिलिग्रॅम अशी थोडी थोडी द्यावी. उद्दिष्ट एवढेच की श्वास नीट चालावा, गप्पा मारण्याइतका तो जागा व्हावा असे नाही. नॅलॉक्सोनचा परिणाम ३० ते ९० मिनिटे टिकतो. पोटातल्या कोडिन, ट्रॅमाडॉलचा त्याहून जास्त. म्हणून ‘शुद्धीवर आला, घेऊन जा’ म्हणून सोडलेला रुग्ण घरी पुन्हा झोपतो आणि या वेळी त्याच्याजवळ कोणी जागे नसते. शेवटच्या मात्रेनंतर निदान काही तास थांबवून ठेवावे, आणि जायचाच हट्ट धरला तर सोबतच्याला हेच समजावून, लिहून द्यावे. ट्रॅमाडॉलच्या रुग्णाला झटके येऊ शकतात आणि नॅलॉक्सोन त्याचा परिणाम अर्धवटच उलटवते, हेही ध्यानात असू द्यावे.

‘बटन’वर नॅलॉक्सोन चालत नाही. तरीही द्यावे, कारण सोबत काय घेतले आहे ते तुम्हाला ठाऊक नसते. अल्प्राझोलाम-नायट्राझेपामवर फ्लुमाझेनिल नावाचा उतारा आहे, पण रोज गोळ्या घेणाऱ्याला तो दिल्यास जीवघेणे झटके येऊ शकतात. तिथे श्वास सांभाळत वाट पाहणे हाच उपचार. नायट्राझेपामचा परिणाम एका रात्रीत संपत नाही.

आता एक असा काळ, ज्याकडे कोणाचेच लक्ष नसते. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून माणूस बाहेर येतो ते पहिले दोन आठवडे. काही आठवडे नशा बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते. डोक्यात मात्र जुनाच डोस असतो. पूर्वी जी मात्रा पचत होती तीच आता मारते. घरच्यांना वाटते पोरगा सुधारून आला, आता धोका टळला. प्रत्यक्षात याच दिवसांत तो सर्वांत जास्त असतो. हर्सूल कारागृह आणि जिल्हा कारागृहांतून सुटणाऱ्या, नशेचा इतिहास असलेल्या प्रत्येकाला सुटकेच्या आधी हे तोंडी सांगावे, नातेवाइकालाही सांगावे आणि उपचार केंद्राची तारीख ठरवूनच बाहेर सोडावे. शक्य असेल तर नॅलॉक्सोन सोबत द्यावे.

व्यसनमुक्ती केंद्रांबाबत एक कठोर गोष्ट बोलली पाहिजे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनावर निवासी उपचार करणारी केंद्रेही नोंदणीच्या कक्षेत येतात. तरीही पत्र्याच्या शेडमध्ये कोंडून, डॉक्टराविना, ‘नशा उतरवणारी’ केंद्रे चालतात. दारू किंवा झोपेच्या गोळ्या एकाएकी बंद केल्या तर दोन-तीन दिवसांत झटके आणि भ्रम सुरू होतात, आणि त्यात माणूस दगावू शकतो. अफूवर्गीय बंद केल्यावरचा त्रास असह्य असतो, पण तो स्वतः क्वचित मारतो. दारू आणि बटन एकाएकी बंद केल्यावरचा त्रास मारतो. कोणत्या रुग्णाला काय सुटत आहे, हे न पाहता सगळ्यांना एकाच खोलीत डांबणे हा उपचार नव्हे. आरोग्य विभागाने आठही जिल्ह्यांतील केंद्रांची नोंदणी, भेट देणारा डॉक्टर आणि रात्रपाळीचा माणूस तपासून यादी जाहीर करावी. पैसे भरणाऱ्या आईबापांना तेवढे कळण्याचा हक्क आहे.

छाप्यांचाही याच्याशी संबंध आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद या तेलंगणाला लागून असलेल्या तालुक्यांत शिंदी पिणारे बरेच आहेत. क्लोरल हायड्रेट आणि अल्प्राझोलाम मिसळलेली ताडी हे तेलंगणात पुनःपुन्हा उघड झालेले दुखणे आहे, आणि सीमारेषा शिंदीला अडवत नाही. असे दुकान सील केले की रोज पिणाऱ्या मजुरांना दोन दिवसांनी हातापायांना कंप, झोप उडणे, भास, झटके सुरू होतात. दुकान बंद करू नका, असे आम्ही म्हणत नाही, जरूर करा. फक्त त्याच दिवशी जवळच्या ग्रामीण रुग्णालयाला कळवा, तिथे डायझेपाम किंवा लोराझेपाम आणि थायमिनचा साठा ठेवा, आशाताईंना लक्षणे सांगा. बटनचा मोठा साठा पकडल्यावरही हेच. पुरवठा तुटलेला माणूस झटक्याने पडतो, नाहीतर अनोळखी मालाकडे वळतो. क्लोरल हायड्रेटच्या रुग्णात हृदयाचा ताल बिघडतो आणि ॲड्रेनालिनसारखी औषधे तो आणखी बिघडवू शकतात, हे तिथल्या डॉक्टरांना आधीच माहीत हवे.

पोलिस अधीक्षकांना आमची विनंती वेगळी आहे. मित्र १०८ ला फोन का करत नाही? कारण गाडीमागे पोलिस येतील, खिशात दोन गोळ्या आहेत, अमली पदार्थ कायद्याचे, नशा केल्याचे कलम २७ लागेल. म्हणून तो बेशुद्ध माणसाला रुग्णालयाच्या फाटकाशी ठेवून पळतो, किंवा शेतात तसाच सोडतो. याच (एनडीपीएस) कायद्याच्या कलम ६४अ मध्ये स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला संरक्षण आहे, पण ते फोन करणाऱ्या मित्राच्या भीतीपर्यंत पोहोचत नाही. विषबाधेची एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय) नोंद होणारच, ती व्हावी. मात्र जीव वाचवायला फोन करणाऱ्याची विचारपूस झडतीने सुरू होऊ नये, त्याला उपचाराकडे पाठवावे, अशी लेखी सूचना प्रत्येक ठाण्याला द्या आणि ती वस्त्यांत जाहीर करा. जाहीर केली नाही तर तिचा उपयोग शून्य.

कोठडीतही हाच धोका. पकडताना माल गिळणे नवीन नाही. पुडी आतड्यात फुटली तर तासाभराने किंवा दुसऱ्या दिवशीही विषबाधा होते. दारू आणि गोळ्या घेतलेला आरोपी कोपऱ्यात घोरत असेल तर ‘उतरतेय’ असे समजू नये. दर अर्ध्या तासाने त्याला उठवून नाव विचारावे, उत्तराची वेळ डायरीत लिहावी, कुशीवर झोपवावे. उठला नाही, तर सकाळच्या वैद्यकीय तपासणीची वाट न पाहता थेट रुग्णालय.

औषध दुकानांबाबत नियम आहेत, पाळले जात नाहीत एवढेच. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, कोडिन, ट्रॅमाडॉल ही सारी परिशिष्ट एच-१ मध्ये येतात. विक्रीच्या वेळी डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहायची आणि ती वही तीन वर्षे जपायची. औषध निरीक्षकांनी दुकानाची वही आणि घाऊक विक्रेत्याची बिले शेजारी ठेवावीत. महिन्याला आलेला माल आणि वहीत उतरलेला माल जुळत नसेल तर वेगळा पुरावा लागत नाही. प्रामाणिक दुकानदारांनाही या कामात घ्या. रोज संध्याकाळी कोण येते, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते, आणि नॅलॉक्सोन ठेवायची सोय झाली तर ती त्यांच्याच फळीवर होईल.

एमडीबद्दल थोडेच. तो उत्तेजक आहे, त्याला उतारा नाही. अंग तापते, झटके येतात, हृदय बिघडते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना अशा रुग्णाला दोरीने बांधून उन्हात ठेवणे म्हणजे त्याला मारणे. सावली, ओले कापड, पंखा, आणि रुग्णालयात डायझेपामवर्गीय औषध. सोल्युशन किंवा व्हाइटनर हुंगणाऱ्या लहान मुलांच्या मागे धावू नये, दचकवू नये. त्या क्षणी वाढलेल्या ॲड्रेनालिनने हृदयाचा ताल तुटून मूल जागेवर कोसळू शकते. रेल्वे स्थानकांवरच्या जवानांना एवढे एक वाक्य सांगितले तरी पुरे.

राहिला मोजणीचा प्रश्न. अकस्मात मृत्यूची नोंद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. पंचनाम्यात ‘विषारी औषध’ किंवा ‘अति मद्यप्राशन’ लिहिले जाते, व्हिसेरा (मृताच्या अवयवांचे नमुने) मिठाच्या संपृक्त द्रावणात प्रयोगशाळेला जातो आणि महिन्यांनी अहवाल आला की प्रकरण बंद. प्रयोगशाळेला काय शोधायचे ते पत्रातून कळते. म्हणून शवविच्छेदनाच्या मागणीपत्रात सापडलेल्या स्ट्रिप, सिरप, सिरिंज यांची नावे लिहावीत आणि ‘अफूवर्गीय, बेंझोडायझेपाइन, ट्रॅमाडॉल, अल्कोहोल’ अशी स्पष्ट मागणी करावी. रक्त हृदयातून न घेता मांडीच्या शिरेतून घ्यावे, कारण मृत्यूनंतर औषधे अवयवांतून हृदयाच्या रक्तात झिरपतात आणि आकडा फुगतो. त्यात सोडियम फ्लोराइड टाकावे, नाहीतर अल्कोहोलचे मोजमाप भरवशाचे राहत नाही. मूत्रही घ्यावे. वॉर्डातील मूत्रपट्टीवर मात्र विसंबू नये. तिच्यावरची ‘ओपिएट’ची रेघ ट्रॅमाडॉल दाखवत नाही.

आणि जे जिवंत आहेत त्यांच्यासाठी ब्यूप्रेनॉर्फिन. अफूवर्गीयाच्या व्यसनावर या औषधाने दीर्घकाळ उपचार घेणाऱ्यांचे मृत्यू उपचार सोडलेल्यांच्या तुलनेत कितीतरी कमी असतात, आणि आठवड्याभरात औषध उतरवून ‘बरा झाला’ म्हणून पाठवल्याने ते वाढतात. छत्रपती संभाजीनगरचे घाटी, नांदेडचे विष्णुपुरी, अंबाजोगाई आणि लातूरचे वैद्यकीय महाविद्यालय येथील मानसोपचार विभागांपर्यंत रोज येणे पन्नास-साठ किलोमीटरवरच्या माणसाला जमत नाही. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत औषध मिळाले, आणि स्थिर झालेल्या रुग्णाला काही दिवसांच्या गोळ्या घरी देण्याची परवानगी मिळाली, तर तो टिकतो. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी कारखान्याच्या जवळच्या रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी हवी.

पुढच्या बैठकीत आम्हाला चार ठराव हवेत. एक, प्रत्येक १०८ रुग्णवाहिका, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि कारागृहात किमान चार ॲम्प्यूल नॅलॉक्सोन, दोन मिलीच्या सिरिंज आणि अंबू बॅग. उन्हाळ्यात गाडीतला डबा तापतो म्हणून ॲम्प्यूल उन्हापासून दूर, झाकलेल्या पेटीत ठेवावेत आणि मुदत दर तिमाहीला तपासावी. दोन, वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, १०८ चे कर्मचारी आणि ठाण्यातील रात्रपाळीचे अंमलदार यांना प्रत्यक्ष पुतळ्यावर श्वास द्यायला शिकवणे. हे एका दुपारचे काम आहे. तीन, पोलिस अधीक्षकांची वर सांगितलेली लेखी सूचना, आणि वस्त्यांतील फलकांवर १०८ सोबत व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि टेलिमानस १४४१६ हे क्रमांक. चार, दर तिमाहीला जिल्हा शल्यचिकित्सक आणि पोलिस यांनी एकत्र बसून अशा प्रत्येक मृत्यूची एक ओळ लिहावी: वय, गाव, काय घेतले, शेवटी जवळ कोण होते, १०८ ला फोन किती वाजता गेला, गाडी किती वाजता पोहोचली, नॅलॉक्सोन दिले की नाही. नाव लिहायची गरज नाही. हा तक्ता जप्तीच्या तक्त्यासोबत समितीसमोर यावा.

प्रशिक्षणासाठी, तक्त्याचा नमुना तयार करण्यासाठी आणि फलकांच्या मजकुरासाठी आम्ही आठही जिल्ह्यांत विनामोबदला यायला तयार आहोत. तारीख आपण द्यावी.

आपले,
मराठवाड्यातील व्यसनोपचार, आपत्कालीन सेवा, औषधनिर्माण आणि समुपदेशन क्षेत्रातील कार्यकर्ते